‘मी इथंच आहे ना?’

रंकाळ्याच्या कट्ट्यावर ग्रुप हसतोय, तुम्हीही हसताय. अचानक स्वतःचाच आवाज परका वाटतो. हात आपलेच, पण आपले वाटत नाहीत. समोरचं पाणी काचेपलीकडं असल्यासारखं दिसतं. मित्राला सांगावं तर उत्तर ठरलेलं, ‘भावा, जागरण बंद कर!’ मग आपण गप्प बसतो आणि आतून घाबरतो, वेड तर लागत नाही ना?

याला डिपर्सनलायझेशन म्हणतात. भोवतालचं जग खोटं वाटलं तर डिरिअलायझेशन. ताण फार झाला की मेंदू भावनांना थोडं लांब ढकलतो, असं मानलं जातं. अपुरी झोप, पॅनिक अटॅक, गांजा, जुना आघात यांनीही हे होऊ शकतं. भ्रमाच्या आजारात खऱ्याखोट्याचं भान सुटतं. इथं ‘हे फक्त वाटतंय’ एवढं भान शाबूत असतं.

तालमीत पाय मुरगळला तर आपण लगेच सांगतो. मग हे का लपवायचं? एकट्यानं सारखं स्वतःला तपासत बसलं की भीती वाढते आणि भीतीनं परकेपणही. त्या क्षणी पाय जमिनीवर घट्ट टेका, दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्या, तोंडावर गार पाणी मारा. वारंवार होत असेल, अभ्यास अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो.

आणि मित्रानं सांगितलंच, तर थट्टा नको. ‘मी आहे इथं, बोल,’ एवढं म्हणा.