दारच्या राखणदाराचे घर

नवी वास्तू बांधताना आपण देवघराची दिशा पाहतो, स्वयंपाकघरातील उजेड पाहतो. कुत्र्याची जागा मात्र बांधकामातून उरलेल्या पत्र्यांतून निघते. गच्चीवर दोन-चार पत्रे उभे केले, साखळी अडकवली, की सोय झाली! वैशाखात तोच पत्रा हाताला चटका देतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय, आणि कोंडलेल्या तप्त हवेत तोही निष्फळ ठरतो. उष्माघाताने धडधाकट जनावर काही तासांत दगावते.

घरकुल विटांचे वा लाकडी असावे, सावलीत असावे, जमिनीपासून ४ ते ६ इंच उंच असावे. छप्पर उतरते हवे. दार पश्चिमेस नको. आपल्याकडे पावसाची झड बहुधा तिकडूनच येते. आकाराविषयी गैरसमज फार. कुत्र्यास उभे राहता, वळता व अंग ताणून निजता यावे एवढी जागा पुरे. ऐसपैस खोपटात थंडीत अंगाची ऊब टिकत नाही. नुसत्या फरशीवर निजून कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जाड गोणपाट घालावे व वरचेवर धुऊन उन्हात वाळवावे.

गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते. फवारणीचा विषय निघाला की आपल्या घरात मन कचरते, आणि ते योग्यच आहे. तेव्हा फटी आधीच लिंपून घ्याव्यात. तरीही गोचीड झालीच तर पशुवैद्यास विचारण्यात दिरंगाई नको, कारण गोचीडताप जिवावर बेततो.

आता साखळीविषयी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत पहिला बंध. पांजरपोळास सढळ हाताने देणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ, पण त्यांतल्याच काहींच्या दारी मोती दिवसभर दोन हात साखळीला जखडलेला असतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही अवाजवी आखूड साखळीस व सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्यास न फिरवण्यास गुन्हा मानतो. अंगणास कुंपण घातले की साखळीचे कारणच उरत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांनी वेगळे खोपटे करू नये. वर्दळीपासून दूर, भिंतीलगतचा एक कोपरा व पाण्याचे जड मातीचे भांडे पुरते. बाल्कनीच्या गजांतून डोके जात असेल, तर जाळी मात्र आजच बसवावी.