कानाची फाटलेली पाळी

मी पाळीबद्दल लिहितो म्हटले की तुम्हाला डवऱ्याची नाही तर पाण्याची पाळी आठवणार. आज लिहितो आहे ते कानाच्या पाळीबद्दल. शेतकी शिकलेल्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण कारण घडले ते शेतातच.

गेल्या हंगामात दर्यापूरकडे एका गावी बोंडअळीचे कामगंध सापळे पाहायला गेलो होतो. वेचणी चालू होती. एक वहिनी उजव्या कानावरून पदर घट्ट ओढून, त्याचे टोक दातात धरून कापूस वेचत होत्या. ऊन नव्हते की वारा नव्हता. बांधावर चहाला बसलो तेव्हा त्याच बोलल्या, "धाकटं पोरगं कडेवर होतं भाऊ. त्यानं बाळी ओढली अन् पाळी चिरली. दहा वर्सं झाली. आता पोरीचं लगन हाये वैशाखात. चार लोकांत कान कसा दाखवू?" यात्रेत कोणी तरी कान चिकटवून देतो, येत्या रविवारी तिकडे जायचे ठरले होते.

मी म्हटले, वहिनी, थांबा. माझ्या थोरल्या बहिणीने असाच कान चिकटवून घेतला होता. हे लोक फाटीच्या कडांना तेजाबासारखे जहाल औषध लावतात. कातडी भाजते, ओली होते आणि दोन्ही कडा काही दिवस चिकटतात. पुष्कळदा पुन्हा सुटतात. बहिणीचा कान महिनाभर वाहिला आणि होती ती पाळीही आखूड झाली.

वरुड-मोर्शीकडच्या बागाइतदारांना यातले वर्म लवकर कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना ओल्या सालीला ओली साल भिडावी लागते. वाळलेला डोळा कितीही आवळून बांधा, धरत नाही. कानाचे तसेच आहे. फाटीच्या दोन्ही कडांवर कातडी येऊन त्या बुजलेल्या असतात. म्हणून डॉक्टर सुई देऊन पाळी बधिर करतात, त्या जुन्या कडांची पातळ पट्टी कापून काढतात आणि ताज्या मासाला ताजे मास भिडवून बारीक टाके घालतात. सरळ शिवण आकसली तर खाली खाच पडते, म्हणून कधी नागमोडी कापतात. काम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचे. त्याच दिवशी घरी येता येते. आठवड्याने टाके निघतात.

ही विद्या आपलीच आहे बरे का. सुश्रुतसंहितेत तुटलेला कान सांधण्याच्या पंधरा तऱ्हा दिल्या आहेत. पुण्याची गोष्ट तर आणखी जवळची. 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांकडे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. आधी मेणाचा नमुना केला, नाकाचा जुना वण तासून ओला केला, आणि भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी सांधा धरला. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात ही हकिगत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टराने 1814 मध्ये तिकडे तशी शस्त्रक्रिया केली. (म्हणून घरी कात लावून पाहू नका, एवढी कृपा करा!)

लग्नाच्या तोंडावर मात्र धावू नका. पाळी सांधल्यावर नवे भोक पाडायला दोन-तीन महिने थांबावे लागते, आणि तेही शिवणीवर नको, बाजूला पाडावे. साखरेचा आजार असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा जखमेचा वण फुगून गाठ होण्याची सवय असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. अमरावतीला जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. पुढे झुबे घालायचेच तर हलके घाला, वेल केसात अडकवून भार वर घ्या. मळणीयंत्रावर जाताना कान मोकळे ठेवा.

आणि कान आजच फाटला असेल तर? स्वच्छ पाण्याने धुवा, धुतलेल्या फडक्याने दाबून धरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, राख, चुना काही भरू नका. धनुर्वाताची सुई विसरू नका. आपले हात दिवसभर माती-शेणात असतात, आणि धनुर्वाताचे जंतू तिथेच राहतात.

वहिनी यात्रेला गेल्या, पण बांगड्या घेण्यापुरत्या. पुढच्या आठवड्यात दोघे नवरा-बायको अमरावतीला कान दाखवून आले. डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी तिसऱ्या वेच्याची. कापूस आधी की कान आधी, यावर घरात दोन दिवस धुसफूस झाली म्हणे. मी मधे पडलो नाही. शेवटी दादांनी बाया लावून वेचा उरकला, आणि वहिनी दिल्या तारखेला गेल्या.