खिंडीपलीकडचे भाऊबंद

आम्हां रत्नागिरीकरांस सह्याद्री म्हणजे भिंत आणि आंबा, कुंभार्ली हे घाट म्हणजे त्या भिंतीतील दरवाजे. काही पाखरांचा हिशेब मात्र ह्याच्या नेमका उलट आहे. डोंगरमाथा हे त्यांचे घर आणि खिंड हीच त्यांची भिंत!

हाच सह्याद्री दक्षिणेस केरळात गेला म्हणजे पालघाटची खिंड लागते. तिची रुंदी सुमारे ३० ते ४० किलोमीटर. आगगाडी ती सहज ओलांडते. खिंडीच्या उत्तरेस नीलगिरी, दक्षिणेस अनमलै व पळणीचे डोंगर. तेथे हजार मीटरांहून अधिक उंचीवर 'शोला' नावाची थंड, दाट राने आहेत. त्यांत चिमणीएवढे एक निळे पाखरू राहते. खालच्या उष्ण मुलखात उतरणे त्यास मानवत नाही. नीलगिरीवरील पाखराच्या कुशी तांबूस, तर दक्षिणेकडच्याचे पोट पांढरे व कुशी निळसर. पक्षिशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे ही दोन्ही एकाच जातीची मानिली होती. २०१७ साली व्ही. व्ही. रॉबिन, सी. के. विष्णुदास प्रभृतींनी आनुवंशिक द्रव्य, रंगरूप व गाणे तपासून ह्या पाखरांस 'शोलिकोला', म्हणजे शोलावासी, अशी स्वतंत्र प्रजाती दिली. आणि आणखी दक्षिणेस, शेनकोट्टा खिंडीपलीकडील अशंबू डोंगरांत, तिसरी जात नोंदविली.

हे घडते कसे? संस्कृतातील 'हस्त' शब्द पाहावा. महाराष्ट्रात त्याचा 'हात' झाला, समुद्रापलीकडे सिंहली भाषेत 'अत' झाला. बोलणे तुटले, तसतसे लहानसहान फरक साचत गेले आणि शेवटी एकाचे बोलणे दुसऱ्यास कळेनासे झाले. पाखरांतही जोडीदारांची ये-जा थांबली की दोन्हीकडे उपजलेले फरक परस्परांत मिसळून पुसले जात नाहीत. लक्षावधी वर्षांनी त्यांच्या जातीच निराळ्या होतात.

जे घडावयास इतका काळ लागला, ते मोडावयास फारसा लागत नाही. गेल्या दोनशे वर्षांत चहाचे मळे आणि परदेशी झाडांची लागवड ह्यांनी शोलाराने आक्रसली आहेत. एका शिखरावरील जात नष्ट झाली, तर शेजारचे भाऊबंद तिची जागा भरून काढू शकणार नाहीत.

मुलांकडून सह्याद्रीची शिखरे आपण पाठ करवून घेतो. यापुढे नकाशावरील खिंडीही त्यांस अवश्य दाखवाव्यात.