रंगवलेली ओल

घर विकायला काढले की पहिला येतो एजंट आणि दुसरा रंगारी. एजंट हॉलच्या मध्यभागी उभा राहतो, पंख्याभोवतीचा तपकिरी डाग बघतो आणि म्हणतो, "काका, एवढ्याला पीओपी करून घ्या. दोन एलईडी सोडा त्यात. पार्टीला लूक लागतो." डाग कशाचा, वरच्यांच्या न्हाणीघराचा की गच्चीचा, हे तो विचारत नाही. काकाही सांगत नाहीत. दोघांनाही ठाऊक असते आणि न बोलता दोघांचे एकमत झालेले असते. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, नाशकात जुना फ्लॅट विकणाऱ्या कितीतरी सुशिक्षित, पापभीरू घरांत हाच संवाद होतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

विक्रीआधी घरावर कशाकशाचा खर्च करावा हा शुद्ध व्यवहाराचा प्रश्न आहे, असे सगळे म्हणतात. म्हणोत. पण त्या खर्चाची यादी एकदा नीट वाचून बघा. ओल धरलेल्या भिंतीवर पुट्टी आणि वर टेक्स्चरचा रंग. पोपडे सुटलेल्या छताखाली पीओपी. न्हाणीघरात पोकळ वाजणाऱ्या जुन्या टाइल्स न काढता त्यांच्याच अंगावर नव्या. सिंकखालच्या कुजलेल्या प्लायवर लॅमिनेटचा ताजा तुकडा. यात सुधारले काय? हा सगळा खर्च म्हणजे लपवण्याची मजुरी आहे.

अशी घरे दिवाळीनंतर दाखवायला काढतात, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये. आषाढ-श्रावणात शक्यतो नाही, कारण त्या दोन महिन्यांत भिंतीला खोटे बोलता येत नाही. आणि ओल म्हणजे केवळ डाग नव्हे. मुंबई-ठाण्याच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॅबमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. त्या दाबाने वरचे काँक्रीट आतून फुटते, ढलपी सुटते आणि पाण्याला आणखी आत जायला वाट मिळते. पीओपीने तो भाग झाकला की पुढची कित्येक वर्षे तिकडे कोणी मान वर करून बघत नाही. एके दिवशी ढलपी पडते ती पीओपीसकट, आणि खाली कोणाचे तरी मूल झोपलेले असू शकते. ते मूल विकणाऱ्याचे नसते, एवढ्याच आधारावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

कायदा याबाबत मुग्ध नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजांच्या काळातला, पण त्याचे कलम ५५ आजच्या आपल्या सोसायट्यांसाठीच लिहिल्यासारखे वाटते. साध्या काळजीने बघूनही खरेदीदाराला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते, असे तेच कलम शेवटी म्हणते. मात्र उलट करार झालेला नसेल तर हे बंधन, अशी त्यात एक फट आहे. ती फट आपल्या टायपिस्टांनी बरोबर हेरली. 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' हे वाक्य फेरविक्रीच्या करारनाम्यांत आता इतके सवयीचे झाले आहे की वाचून दाखवतानाही कोणी त्यापाशी थांबत नाही.

बिल्डरांच्या नावाने मात्र आपण मनसोक्त बोटे मोडतो. २०१६ च्या रेरा कायद्याने त्यांना बांधून घेतल्याचा आपल्याला आनंद आहे: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर ३० दिवसांत, फुकट, दुरुस्ती. योग्यच आहे. पण ज्याने बिल्डरच्या गळक्या खिडकीवरून ग्राहक मंचाची पायरी चढली, तोच गृहस्थ पंधरा वर्षांनी त्याच खिडकीखालच्या ओलीवर वॉलपेपर चिकटवतो. रेरा बिल्डरला लागू आहे, त्याला नाही. आपली नीती तेवढीच लांब जाते, जेवढा कायद्याचा हात.

आणि हा खर्च ज्यांच्यावर कधी झालाच नाही, त्यांचे काय?

ज्या बाईने त्या ओट्यापाशी वीस-पंचवीस वर्षे काढली, तिने एक्झॉस्ट फॅन मागितला होता. फोडणीच्या खकाण्याने तिला खोकला यायचा. "बघू" असे उत्तर मिळाले. ओटा तिच्या उंचीला बुटका होता. पोळ्या लाटताना कंबर वाकायची, दुखायची. त्यावर "बाम लाव". सिंकच्या वर दिवा नव्हता. स्वतःच्याच सावलीत ती भांडी घासत राहिली. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा कमोड बसवायचा विषय निघाला आणि "फोडाफोडी कोण करणार" म्हणून बारगळला. संडासाच्या भिंतीला धरायला साधी स्टीलची दांडी, तीसुद्धा लागली नाही. म्हातारी शेवटपर्यंत नळ धरून उठत राहिली. या प्रत्येक वेळी कारण एकच दिले गेले: पुढेमागे घर विकायचेच आहे, कशाला उगाच पैसे घालायचे.

मग घर खरोखरच विकायला निघते आणि तेच कारण कूस पालटते: विकायचे आहे, तर करून टाकू. पंधरा दिवसांत ग्रॅनाइटचा ओटा येतो, चिमणी येते, सिंकवर दिवा लागतो, पांढराशुभ्र कमोड बसतो. सासूबाई तोवर गेलेल्या असतात. बाई नव्या ओट्यावरून हात फिरवते आणि "छान झालं" म्हणते, कारण दुसरे काय म्हणणार? पैसे नव्हते, ही सबब आता टिकत नाही. पैसे होते. घरातल्या बाईच्या पाठीसाठी ते काढावेत असे वाटले नव्हते. अनोळखी माणसाच्या नजरेसाठी ते काढावेत असे लगेच वाटले. स्त्रीशिक्षणाचा, विधवाविवाहाचा वारसा सांगणाऱ्या या महाराष्ट्रात स्वयंपाकघर आजही घराची मागची बाजूच आहे. तिचे नशीब उजाडते ते विक्रीच्या दिवशी.

या झगमगाटाने किंमत तरी किती वाढते? खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यमापक येतो तो क्षेत्रफळ, इमारतीचे वय, तिचे उरलेले आयुष्य, परिसरातले भाव आणि कागद बघतो. तुमच्या एलईडीच्या रांगेसाठी त्याच्या अहवालात फारशी जागा नसते. आयकर खातेसुद्धा भांडवली नफ्यातून वजा करू देते ती भांडवली स्वरूपाची सुधारणा, रंगरंगोटी नव्हे. शिवाय वजावटीसाठी बिल लागते, आणि बिल म्हटले की कंत्राटदार १८ टक्के जीएसटीची आठवण करून देतो, आणि काका म्हणतात, "राहू दे, रोखच घ्या." म्हणजे ज्या थोड्या खऱ्या कामाचा हिशेब मांडता आला असता, तोही मातीत गेला. (फर्निचरचे पैसे वेगळे, रोख, करारनाम्याबाहेर घेऊन मुद्रांक शुल्क वाचवण्याची कला याच घराण्यातली, तिच्यावर लिहायचे तर वेगळा लेख लागेल.)

फ्लॅटची खरी किंमत त्याच्या चार भिंतींत नसतेच. ती गच्चीत असते, खांबांत असते, डक्टमधल्या गंजलेल्या पाइपांत असते, आणि चिटणिसांच्या कपाटात असते. यातले काहीच एकट्याच्या मालकीचे नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. आदर्श उपविधी सांगतात, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीला द्या. बांधकाम खर्च १० लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला १०,००० रुपये होतात, महिन्याला साडेआठशेच्या आत. एवढ्यासाठी वार्षिक सभेत आवाज चढतात. गच्चीचा कोबा उखडून नवे वॉटरप्रूफिंग करायचा ठराव आला की पहिल्या मजल्यावाला म्हणतो, "माझ्याकडे कुठे गळतंय?" १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करावे, असेही त्याच उपविधींत आहे. अनेक सोसायट्यांत हा विषय "पुढच्या सभेत घेऊ" म्हणून बाजूला सारला जातो. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असते. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून देणे हे सदनिकांच्या मालकीबाबतच्या मोफा कायद्याखाली त्याचे काम. त्याने टाळले तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. पण त्यासाठी कागद गोळा करत उपनिबंधकांकडे खेटे घालायला माणूस मिळत नाही. हे खेटे टाळणारा सभासद आपल्या हॉलच्या छतावर मात्र लाखभर रुपये सहज टाकतो. उंबऱ्याच्या आतले माझे, बाहेरचे कोणाचेच नाही, ही वृत्ती आपण गावकुसापासून घेऊन आलो आणि लिफ्टमधून वर नेली.

याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्यानंतरही "ओपन किचन दिसायला मोठं वाटतं" म्हणून भिंत पाडणारे, ती नुसतीच भिंत आहे की तिच्या पोटात खांब आहे हे अभियंत्याला विचारत नाहीत. गवंड्याला विचारतात. गवंडी बिचारा "होईल साहेब" म्हणतो. त्याला रोज भरायचा असतो.

खरेदीदार या पापातून सुटत नाही. त्याला चकाकी हवी असते आणि ती मिळाली नाही की तो पाठ फिरवतो. ठोकून बघणे त्याला कमीपणाचे वाटते. दारे कोणत्या दिशेला आहेत हे तो होकायंत्र घेऊन तपासतो. गच्चीवर चढून कोबा तपासत नाही. किल्ल्या हातात आल्यावर तोच माणूस महिन्याभरापूर्वीच्या कोऱ्या टाइल्स उखडतो, ईशान्येचा संडास वायव्येला नेतो आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या देवघरात गळतीची सोय करून ठेवतो. त्याचा राडारोडा रात्री टेम्पोत भरून खाडीच्या कडेला, नदीच्या पात्रात ओतला जातो. बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ सालीच नियम झाले, हे ना टाकणाऱ्याला ठाऊक, ना भरणाऱ्याला.

मग विकण्याआधी करायचे काय? गळती असेल तर ती जिथून सुरू होते तिथे थांबवा, वरच्यांशी भांडण झाले तरी चालेल. तीस वर्षांची वायरिंग, नसलेले अर्थिंग, मोडकी खिडकी हे सगळे नीट करा आणि बिले जपून ठेवा. बाकी पैसे खिशात राहू द्या. भिंत मळकी असेल तर मळकी दाखवा. रंग कोणता द्यायचा ते येणाऱ्याला कळते. ही कामे करूनही भाव वाढेलच असे नाही, आणि खरे सांगितल्यावर एखादी पार्टी निघूनही जाईल. "असं केलं तर घर पडून राहील," असे एजंट म्हणेल. त्याचे कमिशन लवकर होणाऱ्या व्यवहारावर असते, तुमच्या सचोटीवर नव्हे. त्याचा सल्ला तेवढाच समजावा.

सोसायट्यांच्या हातातही एक गोष्ट आहे आणि ती आजच करता येईल. सभासद बदलाचा अर्ज आला की थकबाकी आहे का, एवढेच बघून कागदावर शिक्का मारतात. त्याच कागदासोबत त्या फ्लॅटच्या गळतीच्या तक्रारी, मागच्या ऑडिटचा अहवाल आणि गच्चीच्या दुरुस्तीचा शेवटचा ठराव यांच्या प्रती खरेदीदाराला द्याव्यात. फाईल चिटणिसांकडे असतेच. हा ठराव पुढच्या वार्षिक सभेत मांडून बघा, आणि विरोधात हात कोण वर करते ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.