पसंती तिची, सातबारा कुणाचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रीविषयी शहरी मराठी माणसाच्या मनात दोन परस्परविरोधी चित्रे दीर्घकाळ नांदत आली आहेत. एका चित्रात ती मुक्त आहे : रेलाच्या तालावर नाचणारी, आपला जोडीदार आपणच निवडणारी, नकोसा झालेला नवरा सोडून दुसरे घर करणारी. दुसऱ्या चित्रात ती दारिद्र्याने गांजलेली, रूढींच्या कचाट्यात सापडलेली अबला आहे. पहिल्या चित्राचे कौतुक करावे आणि दुसऱ्याची कीव करावी, यापलीकडे आपली मजल सहसा गेलेली नाही. आता या भागातील मुली महाविद्यालयांत येत आहेत, पोलीस भरतीच्या मैदानावर धावत आहेत, घरच्यांच्या आधी स्वतःच मोबाईलवरून मन जुळवीत आहेत. त्यामुळे 'आधुनिक' आदिवासी तरुणीचे तिसरे चित्र आकाराला येत आहे. परंतु या तिन्ही चित्रांत एक प्रश्न कोणी विचारीत नाही. जोडीदार निवडण्याचा हक्क जिला आहे असे आपण म्हणतो, तिच्या नावावर नेमके काय आहे?

बदलत्या विवाहसंबंधांची चर्चा आपल्याकडे संस्कार आणि अनुकरण या दोन शब्दांभोवती फिरते. मुली बिघडल्या की सुधारल्या, एवढाच वाद उरतो. वस्तुतः विवाह हा भावनांचा प्रांत असला तरी तो श्रम आणि मालमत्ता यांची एक व्यवस्थाही असतो. ही व्यवस्था कशी बदलत आहे हे पाहिल्याखेरीज स्त्रीच्या पसंतीला वजन आले की नाही, हे सांगता येणार नाही.

देज आणि हुंडा

लग्नात पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हा या बाबतीतला पहिला प्रश्न. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आफ्रिका आणि आशियातील शेतीपद्धतींची तुलना करून एक सूत्र मांडले. जेथे फिरत्या शेतीत स्त्रीच्या श्रमावर घर चालते, तेथे वरपक्ष वधूपक्षाला मोबदला देतो. जेथे नांगर आणि जमिनीची खाजगी मालकी येते व शेतकामातील स्त्रीचा वाटा गौण मानला जातो, तेथे वधूपक्षालाच पैसे मोजावे लागतात. या सूत्राला अपवाद आहेत, परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशावर ते ताडून पाहण्याजोगे आहे. भामरागड-एटापल्लीच्या डोंगरांत माडिया गोंडांची फिरती शेती होती आणि तेथे देजाची चाल होती. देज देण्याची ऐपत नसलेला तरुण लमसेना म्हणून भावी सासऱ्याच्या घरी राबत असे आणि श्रमाने ते फेडीत असे. उलट वरोरा, राजुऱ्याकडील नांगराच्या आणि नगदी पिकांच्या पट्ट्यात हुंड्याने कधीच मूळ धरले होते.

ज्या समाजात मुलीचा जन्म म्हणजे कर्जाची चाहूल नसते, तेथे मुलगी नकोशी होण्याचे कारणही कमी होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात हे प्रमाण ९६१ आणि गडचिरोलीत ९८२ होते. या फरकाचे सारे श्रेय देजाच्या चालीला देणे चुकीचे ठरेल. तथापि प्रगत म्हणविणाऱ्या जिल्ह्यांनी अंतर्मुख व्हावे, एवढा हा फरक निश्चितच मोठा आहे.

मुक्ततेचे मिथक

म्हणून जुनी व्यवस्था समतेची होती असे मात्र नव्हे. देज मिळत असे ते मुलीच्या बापाला, मुलीला नव्हे. तिने नवरा सोडला तर देजाच्या परतफेडीचा प्रश्न उभा राही. म्हणजे तिच्या स्वातंत्र्याची किंमत दोन पुरुष आपसांत ठरवीत. आते-मामे भावंडांतील विवाहाचा अग्रहक्क, म्हणजे एका घरातून आलेल्या सुनेच्या बदल्यात पुढच्या पिढीत त्या घरी मुलगी देऊन 'दूध परत करण्याची' रीत, आणि देवांच्या संख्येवरून ठरणारे सोयरिकीचे नियम यांच्या चौकटीतच मुलीच्या पसंतीला वाव होता.

गोटुलाविषयीही असाच गैरसमज आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर ग्रंथ लिहिला आणि त्यातील वर्णने पुढे साऱ्या गोंडांना सरसकट लावली गेली. माडियांचे गोटुल हे प्रामुख्याने गावाच्या बैठकीचे, पाहुण्यांच्या मुक्कामाचे आणि तरुणांच्या नाचगाण्याचे ठिकाण आहे. त्याच गावाच्या कडेला कुरमाघर असते. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला त्या अंधाऱ्या झोपडीत राहावे लागते, हेही विसरता येत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. स्वतःच्या शरीराचे दुखणे जिला सांगता येत नाही, तिला मुक्त म्हणणे हा बाहेरच्या माणसाचा भाबडेपणा होय.

या भाबडेपणाची दुसरी बाजू क्रूर आहे, आणि तिचा साक्षीदारही हाच प्रदेश आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. ती ठाण्यात का आली होती? तिने एका तरुणाशी लग्न करण्याचे ठरविले होते, आणि तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने केली होती. म्हणजे मूळ प्रकरण होते ते मुलीच्या पसंतीचे. पुढे 'मथुरा खटला' म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा मुक्त केले. तिला शरीरसंबंधांचा पूर्वानुभव असल्याची चर्चा न्यायालयात झाली आणि तिच्या अंगावर जखमा नसणे हे संमतीचे लक्षण मानले गेले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. सारा देश या मुलीचा ऋणी आहे. परंतु जोडीदार निवडणारी मुलगी म्हणजे कोणालाही उपलब्ध असलेली मुलगी, हे समीकरण पुरुषी मनातून अद्याप गेलेले नाही. तालुक्याच्या बसस्थानकावर मित्राशी बोलत उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला त्याची प्रचीती आजही येते.

पगार आला, हुंडा आला

गेल्या काही दशकांत या प्रदेशात रोख पैसा आला, आणि तो मुख्यतः पुरुषाच्या हाती आला. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र यांनी हजारो पगारदार निर्माण केले. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती, ती अटींसह शिथिल झाली २०१९ साली. हेतू संरक्षणाचा होता, परिणाम मात्र असा झाला की या भागातील सर्वांत स्थिर पगाराच्या नोकऱ्यांपैकी मोठा हिस्सा स्त्रीला बंद राहिला. रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपत्ता तोडणे ही तिची कामे हंगामी आणि कमी दामाची राहिली. तेंदूच्या हंगामात पहाटे जंगलात जाणारी आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधीत बसणारी बहुधा तीच असते, हिशेब मात्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने लिहिला जातो.

अशा स्थितीत लग्नाच्या बाजाराचे पारडे फिरले तर नवल नाही. पगारदार तरुण दुर्मीळ आणि त्याची मागणी मोठी. त्यामुळे ज्या समाजांत आजोबांनी देज दिले, त्याच समाजांतील शिक्षक वा वनरक्षक नातवाच्या लग्नात दुचाकी आणि सोन्याची बोलणी ऐकू येऊ लागली आहेत. याला प्रतिष्ठेचे नाव मिळते, कारण वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे अनुकरण हीच आपल्याकडे प्रगतीची खूण ठरते. शासनही यात मागे नाही. सामूहिक विवाहाला साह्य देणाऱ्या सरकारी योजनेचे नाव 'कन्यादान' असावे आणि ज्या समाजात कन्या दान देण्याची कल्पनाच नव्हती तेथेही ती त्याच नावाने राबवावी, यातील विसंगती कोणाला खटकलीही नाही.

याच्या उलट प्रवाहही आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शासकीय सेवेतील ३० टक्के महिला आरक्षणामुळे या जिल्ह्यांतील मुली पोलीस, परिचारिका, शिक्षिका झाल्या. त्या आता नवऱ्या मुलाला प्रश्न विचारतात : नोकरी काय, दारू पितो का, लग्नानंतर शिकू देणार का. शेतकरी तरुणांना मुली मिळत नाहीत अशी जी ओरड गावोगाव ऐकू येते, तिचा अर्थ मुली चढेल झाल्या असा लावला जातो. खरे पाहता धानाच्या दोन एकरांवर घर चालत नाही, हे त्यांना त्यांच्या आयांकडे पाहून कळलेले असते. तो हिशेब आहे, त्याला गर्व म्हणता येणार नाही. आणि दारूचा प्रश्न तर त्यांच्या आयांनीच प्रथम चव्हाट्यावर आणला. गडचिरोलीत १९९३ साली झालेली दारूबंदी आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात असलेली बंदी यांच्या यशापयशाविषयी मतभेद असोत, घरातली मारहाण ही गावाने बोलण्याची गोष्ट आहे, हे त्या चळवळींनी स्थापित केले.

कायद्याचे दोन चेहरे

पगार सर्वांना मिळणार नाही. बहुसंख्य स्त्रियांचा आधार जमीन आणि जंगल हाच राहणार आहे. येथे कायदा दोन तोंडांनी बोलतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. परंतु १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. तेथे रूढी चालते, आणि रूढी सांगणारे बहुधा पुरुष असतात. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला आणि तिला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर समतेचे तत्त्वच लागू होईल असे म्हटले. निकाल स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक मुलीने त्यासाठी दिल्लीपर्यंत जायचे काय?

दुसरा चेहरा अधिक आशादायक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा वैयक्तिक वनहक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. तो वारसाने मिळतो, विकता मात्र येत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आहे, आणि स्त्रियांच्या संमतीवाचून ती सहमती पुरी होत नाही. स्त्रीची पसंती नवऱ्यापुरती मर्यादित न राहता गावाच्या बांबूपर्यंत पोहोचते तेव्हा काय घडते, याचे हे उदाहरण होय.

यात एक फट मात्र राहते. गावजेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून विधी न करता वर्षानुवर्षे एकत्र राहणारी अनेक जोडपी या भागात आहेत. समाज त्यांना पाण्यात पाहत नाही, पण कागद त्यांना ओळखत नाही. नवरा मेला वा त्याने दुसरी आणली, की संयुक्त पट्ट्यावरील तिचा हक्क वादात सापडतो. ज्या सैल रूढीने तिला निवडीची मोकळीक दिली, तीच संकटकाळी तिला उघडी पाडते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. ग्रामसेवक हा विवाह निबंधकही असतो. अशा जोडप्यांची नोंद मेजवानीची वाट न पाहता गावातच व्हावी. तेंदू आणि बांबूची मजुरी ज्या हाताने काम केले त्याच्याच खात्यावर जावी. परंपरांचे रक्षण करण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभांना आहेच. मुलीच्या वारशाविषयीची रूढी त्यांनी स्वतः, स्त्रियांच्या उपस्थितीत लिहून काढावी.

मुलींना जमीन दिली तर ती बिगर-आदिवासी जावयांच्या घशात जाईल, ही भीती बोलून दाखविली जाते. ती निराधार नाही. परंतु तिचे उत्तर हस्तांतरणावरील निर्बंध कडक करणे हे आहे. त्यासाठी मुलीला वगळण्याचे कारण नाही. आदिवासींची जमीन आजवर गेली ती सावकारांकडे, धरणांखाली आणि खाणींत. ती मुलींनी घालविल्याचा दाखला शोधावा लागेल.

या जिल्ह्यांतील मुलींना निवड करायला कोणी शिकविण्याची गरज नाही, त्यांच्या आज्यांनाही ती येत होती. आजीजवळ नव्हता तो एक कागद, चुकलेल्या निवडीनंतरही पायाखाली जमीन ठेवणारा. तो नातीच्या हाती पडेल तेव्हाच या प्रदेशातील विवाह बदलला असे म्हणता येईल.