कानांचे दारिद्र्य

दिवाळी अंकात संगणकावरचा लेख दिसला की वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता हर्ट्झ आणि बिट यांच्या भानगडीत कोणी का पडावे? परंतु माझे भांडण संगणकाशी नाही. ते एका समजुतीशी आहे. उत्तम गाणे उत्तम ऐकणे ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातली गोष्ट आहे, आणि आम्हा झाडीपट्टीच्या माणसांना मोबाईलच्या भोकातून येईल तेवढे पुरेसे आहे, अशी ही समजूत. ती विकणारे दुकानदार आहेत, ती पुजणारे शहरी रसिक आहेत, आणि निमूटपणे ती मान्य करणारी आमचीच माणसेही आहेत. या तिघांनाही आज चार शब्द सुनवावयाचे आहेत.

हे सुनावणारा मी कोण? मॅट्रिक झालेला, पुढे चित्रकलेच्या पदविकेवर नोकरीला लागलेला एक मास्तर. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. माझी शाळा अलीकडच्या काठाला आहे. वीजशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, आणि ज्या यंत्राची हकीगत मी सांगणार आहे त्याला ती लागतही नाही. हाच तर माझा मुद्दा आहे.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जपानात पहिला सीडी-वादक बाजारात आला. म्हणजे ही दोन भावंडे एका वर्षाची! पण एक भावंड जगभर हिंडून म्हातारे झाले, शहरांतून भंगारातही गेले, तरी दुसऱ्याच्या घरी ते कधी नीट राहायला आलेच नाही. आमच्याकडे कॅसेट आली, ती पावसाळ्यात बुरशीने खाल्ली; मग एकदम मोबाईल आला. मधली पायरी, जिच्यावर गाणे अंगभर ऐकू येते, ती आमच्या पोरांनी पाहिलीच नाही.

वर्गातली एक गोष्ट सांगतो. तंबोऱ्याचे चित्र काढावयास दिले होते. एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे वाजते कसे?" मी खिशातला फोन काढून तंबोऱ्याचा आवाज लावला. पोरे ऐकू लागली. जरा वेळाने तीच मुलगी म्हणाली, "माशी फिरल्यावाणी वाटते." आणि ती तंतोतंत खरे बोलत होती! काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे जवळपास ६९. फोनमधला नखाएवढा पडदा तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका होतो. मग खर्ज येतो कोठून? तो येतच नाही. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू त्याचा अंदाज बांधतो. ज्याने खरा तंबोरा ऐकला आहे त्याचा मेंदू हा हिशोब बिनचूक करतो, आठवणीतून रंगही भरतो. ज्याने कधी ऐकलाच नाही त्याने रंग कोठून आणावा? त्याच्या वाट्याला माशी येते. आणि मग आपणच वर म्हणावयाचे की, खेड्यातल्या मुलांना शास्त्रीय गाण्याची गोडी नाही!

आता दुकानदारांकडे वळतो. नागपुरातल्या एका चकचकीत दुकानात मला एक तार दाखवण्यात आली. संगणकापासून ध्वनिवर्धकापर्यंत आकडे वाहून नेणारी, हातभर लांबीची. तिची किंमत माझ्या संपूर्ण संचाहून अधिक होती. विक्रेता म्हणाला, हिच्यातून आवाज अधिक 'मोकळा' येतो. अहो, तिच्यातून जातात ते शून्य आणि एक! ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. पोहोचले नाहीत तर खरखर होते, गाणे तुटते. मनिऑर्डरीचे शंभर रुपये सुंदर पोस्टमनने आणले म्हणून एकशे पाच होत नाहीत.

दुसरी फसवणूक अधिक विद्वान आहे. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे. विक्रेते म्हणतात, हे जुने झाले, आता १,९२,००० मोजमापांचे घ्या. परंतु ज्या कंपनाची नोंद करावयाची त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे घेतली की ते कंपन संपूर्ण परत उभे करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडून ठेवले आहे. माणसाचा तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो; चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याचा त्याहून बराच कमी. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार. ४४,१०० मध्ये ती मावून वर थोडी उरते.

हे कागदावरचे गणित आहे असे कोणी म्हणेल, म्हणून प्रयोगही सांगतो. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत उच्च प्रतीचे मूळ ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून गाळलेले, असे दोन्ही न सांगता ऐकवले. ५५४ वेळा कसोटी घेतली. २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा शंभरात बावन्नच्या आसपास बरोबर उत्तरे निघाली. म्हणजे फरक मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण शंभरात बावन्नसाठी ज्याला लाख रुपये मोजावयाचे असतील त्याने खुशाल मोजावेत. मात्र उरलेल्या जगाला बहिरे ठरवू नये.

आणि हे रसिक ऐकतात तरी काय? बहुधा जुनीच गाणी! केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर अवकाशात गेली. तीन-साडेतीन मिनिटांत मावणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या काळातला तो सूर. त्या काळच्या मुद्रणात वीस हजार हर्ट्झपर्यंतचे काही टिपलेच जात नसे. जे मुळात नाही ते १,९२,००० मोजमापांनी येणार कोठून? घागरीत शेरभर दूध असेल तर ती हंड्यात ओतल्याने दोन शेर होत नाही.

बरे, मग करावयाचे काय? मी जे केले ते सांगतो. ज्याला पटेल त्याने करावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० ची सर्वसाधारण देखभाल कंपनीने थांबवली. पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांना आपल्या दारात घेत नाही. त्यामुळे कचेऱ्यांतून धडधाकट संगणक भंगाराच्या वाटेला लागले आहेत. गाणे वाजवणे हे संगणकाच्या दृष्टीने इतके हलके काम आहे की, दहा-बारा वर्षांचे यंत्रही ते झोपेत करील. त्यातही मी शोधला तो पडदा फुटलेला लॅपटॉप. पडदा फुटला की त्याची किंमत कोसळते, आणि गाण्याला पडदा लागतोच कशाला? शिवाय त्याला स्वतःची बॅटरी असते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र अडीच हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेचे. त्याची राख आमच्या जिल्ह्याच्या डोक्यावर, आणि आमच्या गावातला दिवा मात्र संध्याकाळी डोळे मिचकावणारा! वीज गेली तर गाणे थांबते खरे, पण बॅटरीमुळे आत लिहिलेले बिघडत नाही.

जुनी फिरती चकती काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. ती फिरत नाही, म्हणून आवाज करीत नाही आणि आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कमी तापते. शाळेतला जुना मॉनिटर दोन दिवस जोडून डेबियन ही लिनक्सची फुकट मिळणारी प्रणाली चढवली. तिच्यावर म्युझिक प्लेअर डीमन नावाचा, तोही फुकट, वादक. मग मॉनिटर परत केला. आता घरातल्या लहानशा वाय-फाय पेटीवरून फोन हाच त्या यंत्राचा लगाम. इंटरनेट नसले तरी चालते. हे शेवटचे वाक्य शहरातल्या वाचकाने पुन्हा वाचावे. महिन्याचे भाडे भरून तारेतून येणारे गाणे त्याला पुरते. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेथे तुमच्या अथांग स्वरसागराचा थेंबही येत नाही. ज्याच्या घरी चकतीवर गाणे आहे त्याच्या घरी पुरातही गाणे असते.

लॅपटॉपच्या आतल्या आवाजाच्या छिद्रातून विजेची बारीक चिरचिर येते, म्हणून आकड्यांचा स्वर करणारा बोटाएवढा डॅक बाहेरून जोडला. त्यापुढे सीताबर्डीत हुडकलेला जुना ध्वनिवर्धक आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. हिशोब असा: लॅपटॉप ४,५००, एसएसडी १,५००, गाण्यांसाठी एक टेराबाईटची बाहेरची चकती ४,५००, डॅक १,२००, ध्वनिवर्धक आणि स्पीकर ५,०००. एकूण १६,७०० रुपये. लग्नाच्या वरातीत छातीच्या फासळ्या हलवणाऱ्या डीजेला एका रात्रीचे याहून अधिक देणारे बाप मी पाहिले आहेत, आणि तेच मला विचारतात, "मास्तर, गाण्यावर एवढा खर्च?"

पैसे घालावयाचेच असतील तर ते स्पीकरवर घाला, हे मात्र आवर्जून सांगतो. संगणक, तार, डॅक यांतला फरक कानाला शोधावा लागतो. स्पीकरमधला दारातून आत येतानाच कळतो. आणि खोलीचा तर त्याहून अधिक. या एका बाबतीत गरीब श्रीमंताला सहज मागे टाकतो. संगमरवरी फरशी आणि काचेच्या भिंती यांच्या दिवाणखान्यात स्वर चेंडूसारखे उसळत असतात. माझ्या घरी मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, कोपऱ्यात धानाची पोती, दोरीवर गोधड्या. ती पोती मी आवाजासाठी ठेवली नव्हती; पण गेल्या खेपेला विकून टाकली तेव्हा तबल्याचा बायाँ लगेच गुरगुरू लागला.

गाणी चकतीवर भरताना ती फ्लॅक या पद्धतीने भरावीत. २००१ पासून ती सर्वांना मोकळी आहे. मूळचा एकही आकडा न टाकता ती साधारण निम्म्या जागेत घडी घालते. मिनिटाला सहा मेगाबाईट धरले तर एका टेराबाईटमध्ये अडीच हजार तासांहून अधिक गाणे मावते. शहरात नातेवाईक असतील तर त्यांच्या माळ्यावर सीडी धूळ खात पडल्या असतील. दिवाळीला गेलात की मिठाईऐवजी त्या मागून आणा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सगळा आटापिटा केसरबाई आणि अब्दुल करीम खाँसाठी ना? ते तर आमचे नव्हेतच. तर ऐका. दिवाळीनंतर धान निघाले की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतील. मंडई भरेल, रात्रभर नाटक चालेल. पेटी-तबल्याच्या साथीवर उघड्या मांडवात माणूस गळ्याने गाईल. २०२३ साली परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही फटाके उडवले. पण त्या रंगभूमीची गाणी आज माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये पाहा: गर्दीतून हात वर करून घेतलेली, बोलण्यासाठी केलेल्या ध्वनिसंदेशातून दहा जणांकडे फिरलेली, झिजून चिंधी झालेली. माडिया-गोंडांच्या रेल्याचेही तेच. ढोल गेला, पायांचा ठेका गेला, उरली ती वरची किणकिण. आणखी वीस वर्षांनी पोर विचारील, आजी कशी गात होती? आपण त्याला ती माशी ऐकवणार आहोत काय?

म्हणून माझ्या यंत्राला एक साधा ध्वनिमुद्रक जोडला आहे. मुले शनिवारी तो घेऊन घरी जातात. आजीचे जात्यावरचे गाणे ४४,१०० मोजमापांनी, १६ बिटांनी मुद्रित होऊन येते. म्हणजे जगातल्या कोणत्याही थोर गवय्याच्या सीडीइतक्याच मापाने. एक प्रत माझ्या घरी, एक शाळेत. एकच प्रत ठेवणे म्हणजे न ठेवणे. सोमवारी ते वर्गात लावले की ज्याची आजी असेल ते पोर मान खाली घालते आणि कानाने सगळ्यांकडे पाहत असते. तंबोऱ्याला माशी म्हणणारी मुलगी आता डोळे मिटून जोडीची तार कोठे आणि खर्ज कोठे ते सांगते.

उरला तो नागपूरचा दुकानदार आणि त्याची तार. त्याला माझे जाहीर निमंत्रण आहे. हंगामात वडशाला यावे. माझ्या यंत्रात एकदा त्याची तार लावू, एकदा माझी दीडशे रुपयांची. मध्ये पडदा धरू. पडद्यांना वडशात तोटा नाही. वीस वेळा बदलू. कोणती तार लागली आहे हे त्याने पंधरा वेळा बरोबर सांगितले तर त्याची तार मी रोखीने विकत घेईन. नाही सांगितले, तर ती त्याने शाळेला द्यावी. आमच्या ध्वनिमुद्रकाला एक तार हवीच आहे.