बीडीडीचे तेरावे वर्ष

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तेही मालकी हक्काने आणि पदरचा पैसा न घालता. २०१७ साली जांबोरी मैदानावर या कामाचा पहिला नारळ फुटला, २०२१ साली वरळीत दुसरा. मधल्या काळात सरकारे बदलली, चाळींना कोणत्या पक्षाच्या कोणत्या नेत्याचे नाव द्यायचे तेही ठरून गेले. घरे त्यानंतर आली. उशीर झाला, तरी पुनर्विकास करायला हवाच होता, आणि तो खासगी बिल्डरकडे न सोपवता म्हाडाने आपल्या हाती ठेवला हेही बरेच झाले. प्रश्न त्यापुढचा आहे. ही घरे बांधायचा हिशेब झाला. ती चालवायचा पक्का झालेला नाही. याच जागेवर उभ्या राहणाऱ्या विक्रीच्या इमारतींचा पैसा सरकारी तिजोरीत जिरण्याआधी तो झाला नाही, तर पुढे कुणीही करणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच जमिनीवर सरकारचा असाच एक हिशेब चुकला होता. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, उभे केले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी मिळून २०७ चाळी आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे दाटीने राहत होती, तरी वरळीच्या नव्याकोऱ्या खोल्या कितीतरी वर्षे ओस पडल्या. गिरण्या लांब, काँक्रीटच्या खोल्या अंधाऱ्या, आणि मुख्य म्हणजे भाडे गिरणी कामगाराच्या पगारात बसेना. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. खोल्या किती हे मोजले होते, राहणाऱ्याच्या खिशात महिन्याकाठी किती उरते ते मोजले नव्हते. यावेळी घर फुकट आहे, म्हणून भाड्याचा प्रश्न नाही. मेंटेनन्सचा आहे.

चाळ स्वस्तात चालायची, याचे कारण तिच्या बांधणीतच होते. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध बोळासारखा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, सामाईक संडास आणि प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात मोरी. संडाससमोरची सकाळची रांग, मोरीशेजारचे पिंप, माणसांना झोपायला पुरत नाही म्हणून काढलेला पोटमाळा, या हालांचे कौतुक कुणी करू नये. पण त्या इमारतीत बंद पडेल असे यंत्र जवळजवळ नव्हतेच. नळ गळला की वीस बिऱ्हाडांना दिसायचा, दिवा गेला की कुणीतरी स्टूल आणून बदलायचा. चाळीस मजली टॉवरचे तसे नाही. तिथे लिफ्ट, पाणी वर चढवणारे पंप, आग विझवण्याचा वेगळा पंप आणि त्याची नळ-जोडणी, जनरेटर, सांडपाण्याचे यंत्र, पहारेकरी. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला कायद्याने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. यातले बरेचसे बिघाड कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. पंप वर्षभर बंद होता, हे आग लागल्या दिवशी कळते.

हे काल्पनिक भय नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींसाठी १९९०च्या दशकातल्या नियमांनी विकासकाकडून दर घरामागे वीस हजार रुपयांचा निधी ठेवायला लावला. त्याच्या व्याजातून देखभाल व्हावी ही कल्पना. आठ टक्के व्याज धरा: वर्षाला सोळाशे, महिन्याला एकशे तेहतीस रुपये. एवढ्यात जिन्याचा झाडू निघेल, लिफ्टचे कंत्राट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या अशाच एका सात मजली इमारतीला पहाटे आग लागली, माणसे दगावली, आणि मग पुनर्वसनाच्या इमारतींतल्या आगप्रतिबंधक यंत्रणेची तपासणी करण्याचे आदेश सुटले. ती इमारत सात मजल्यांची होती, हे विसरू नये.

बीडीडीत पहिली बारा वर्षे देखभाल रहिवाशांना फुकट असेल, असे सांगितले गेले आहे. चांगली गोष्ट आहे. पण इमारतीचे पहिले तप हे तिचे तारुण्य असते. मोठे खर्च त्यानंतर निघतात. लिफ्टचे दोर आणि मोटारी, पंप, गळणाऱ्या वाहिन्या, बाहेरचा रंग. म्हणजे सरकार हात काढून घेणार आणि इमारत पैसे मागू लागणार, हे दोन्ही एकाच सुमारास. तेराव्या वर्षी पहिले बिल निवृत्त पोलिसाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, कारकुनाच्या विधवेच्या दारात येईल. थकबाकी साचेल, सोसायटीत भांडणे लागतील, आणि दलाल दार वाजवेल.

त्या बिलाची तरतूद आजच करा म्हटले, की पहिला आक्षेप ठरलेला आहे: कोटींचे घर फुकट दिले, आता बिलही आम्हीच भरायचे काय? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण घराचा भाव कोटींत असला तरी तो विकल्याशिवाय हातात येत नाही; लिफ्टवाल्याला दरमहा रोख लागते. शिवाय हा पैसा करदात्याच्या खिशातून मागितलेला नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या सरकारी जमिनीवर पुनर्वसनाच्या घरांबरोबर विक्रीचीही घरे उभी राहणार आहेत, आणि पुनर्वसनाचे टॉवर एवढे उंच गेले ते बऱ्याच अंशी विक्रीसाठी जमीन मोकळी करण्यापायीच. उंची ज्याच्या सोयीसाठी वाढली, त्याच्या नफ्यातून उंचीचा खर्च निघावा, यात दान कसले? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परवडत नसेल तर विकून बदलापूरला प्रशस्त घर घ्यावे, तो त्यांचा हक्क आहे. हक्क आहेच, त्याच्या आड कुणी येऊ नये. मात्र मुलाच्या शिक्षणासाठी घर विकणे वेगळे आणि मेंटेनन्स थकला म्हणून विकणे वेगळे. दुसरा प्रकार वाढला, तर गिरणगावातल्या सुमारे पंधरा हजार सहाशे कुटुंबांना जागेवरच ठेवण्यासाठी केलेला एवढा खटाटोप वीस वर्षांत दुसऱ्याच कुणाच्या कामी येईल.

चाळी तशाच जपा म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येते. आठवणी जपायला एखादी चाळ राखून ठेवा. चार जणांच्या संसाराला १६० चौरस फुटांत राहा असे सांगण्याचा अधिकार कुणाला नाही.

उपाय अवघड नाही. विक्रीतून येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा प्रत्येक पुनर्वसन इमारतीच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवावा. मुद्दलाला हात लागू नये आणि व्याज फक्त लिफ्ट, पाणी आणि आगप्रतिबंधक यंत्रणेवर खर्च व्हावे. प्रकल्पातल्या काही दुकानांचे भाडे कायमचे सोसायट्यांना जोडून द्यावे. आणि हे भाषणात नको, करारनाम्यात हवे. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते याच परिसराने पाहिले आहे. १९९१च्या नियमाने त्या जमिनींचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि जवळपास तेवढाच म्हाडाला मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीने हे वाटप फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले, आणि पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. एका ओळीने मैदाने गेली, घरेही गेली.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या रहिवाशांनी म्हणून चावीसाठी हात पुढे करण्याआधी म्हाडाकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: तेराव्या वर्षी लिफ्टचे बिल कोण भरणार, आणि ते कोणत्या खात्यातून.